सोलापूरहून शेजारच्या देशात डॉक्टर व्हायला जाताना: निर्णयापासून नोंदणीपर्यंत

नीटचा निकाल लागतो त्याच आठवड्यात सोलापुरातल्या अनेक घरांतले फोन वाजू लागतात. मुलाचे गुण पात्रतेच्या वर असतात, पण शासकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचत नाहीत, आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क ऐकून वडील गप्प झालेले असतात. नेमक्या त्या वेळी पलीकडून कोणीतरी ढाका, बिश्केक, काठमांडू अशी नावे घेऊ लागतो. अशाच एका फोननंतर मी २०१५ मध्ये घर सोडले. बांगलादेशातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) पूर्ण केली, परतल्यावर परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात नापास झालो, दुसऱ्यात उत्तीर्ण झालो आणि आता सोलापुरातच रुग्ण तपासतो. माझा मामेभाऊ २०२२ च्या तुकडीत त्याच देशात गेला. त्याला लागू असलेले नियम माझ्या वेळच्यापेक्षा बरेच कडक आहेत, आणि त्याचे कागद जमवताना मी ते ओळीने वाचले आहेत. पुढे जे लिहितो आहे ते त्या दोन्ही अनुभवांतून आलेले आहे.

१. कोण कोणाला शिकवतो आणि कशासाठी, हे आधी समजून घ्या

विकसनशील देशांनी एकमेकांचे डॉक्टर घडवणे ही नवी गोष्ट नाही. नेपाळमधील धरान येथील बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान प्रतिष्ठान १९९३ मध्ये भारताच्या सहकार्याने उभे राहिले. भारत सरकार आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील काही जागा परराष्ट्र मंत्रालयामार्फत शेजारी देशांच्या विद्यार्थ्यांना देते, तर बांगलादेश आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सार्क देशांतील विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवतो. क्युबाने १९९८ च्या चक्रीवादळांनी मध्य अमेरिका उद्ध्वस्त झाल्यानंतर १९९९ मध्ये हवानाजवळ लॅटिन अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि गरीब देशांतल्या हजारो मुलांना विनाशुल्क डॉक्टर केले.

हे सांगण्याचे कारण असे की, माहितीपत्रकात ‘मैत्रीपूर्ण देशांतील शैक्षणिक सहकार्य’ असा शब्दप्रयोग दिसला की पालकांना त्यामागे सरकार उभे असल्यासारखे वाटते. दोन सरकारांनी ठरवलेल्या जागा मोजक्या असतात, त्यांचा अर्ज शासकीय मार्गाने जातो आणि त्यांत कोणाला दलाली मिळत नाही. उरलेला सगळा व्यवहार खासगी महाविद्यालय, मध्यस्थ आणि डॉलरमधले शुल्क यांचा आहे. तो वाईटच असतो असे मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः त्याच वाटेने डॉक्टर झालो. परंतु त्याला सहकार्य समजून डोळे मिटू नयेत. बांगलादेशातील सार्क कोट्याचे नाव मला कोणत्याही मध्यस्थाने सांगितले नाही. ते मला तिथे पोहोचल्यावर, त्या कोट्यातून आलेल्या एका नेपाळी मुलाकडून कळले. तुम्ही ती चूक करू नका: बारावीचा निकाल हाती येताच बांगलादेश उच्चायुक्तालयाच्या आणि तेथील वैद्यकीय शिक्षण महासंचालनालयाच्या संकेतस्थळांवर त्या वर्षीची सूचना शोधा. दहावी-बारावीच्या गुणांची किमान मर्यादा आणि बारावीनंतर किती वर्षांचे अंतर चालते, या दोन अटी आधी वाचाव्यात. पुष्कळ अर्ज तिथेच बाद होतात.

क्युबाचे उदाहरण कितीही मोठे असले तरी आपल्या मुलांना त्याचा उपयोग नाही. तेथील शिक्षण स्पॅनिशमध्ये होते, आणि आपला नियम इंग्रजी माध्यम मागतो. तो नियम पुढे येतोच आहे.

२. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अटींची चाळणी लावा

१८ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या परवान्याचे विनियम अधिसूचित केले. त्यानंतर प्रवेश घेणाऱ्यांना ते लागू आहेत. माझ्यासारख्या जुन्या विद्यार्थ्याने ‘आमच्या वेळी असे काही नव्हते’ असे सांगितले तर ते खरे असेल, पण तुमच्या कामाचे नाही. अटी थोडक्यात अशा आहेत:

- नीट पात्र असणे आवश्यक आहे, आणि परदेशातील प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो.
- अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा.
- त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत किमान १२ महिन्यांची आंतरवासिता हवी.
- शिक्षणाचे माध्यम इंग्रजी हवे.
- आयोगाने परिशिष्टात दिलेले सर्व विषय शिकवलेले असले पाहिजेत.
- ज्या देशाने पदवी दिली, त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणेच वैद्यकीय व्यवसायाची नोंदणी मिळण्यास तुम्ही पात्र असले पाहिजे.
- अभ्यासक्रम एकाच संस्थेत, भारताबाहेर पूर्ण झाला पाहिजे. अर्धा एका देशात आणि अर्धा दुसऱ्या देशात चालत नाही.
- परतल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते.
- हे सर्व प्रवेशाच्या तारखेपासून दहा वर्षांच्या आत संपले पाहिजे.

यातील ५४ महिने आणि स्थानिक परवाना या दोन अटी सर्वांत जास्त मुलांना अडवतात. नेपाळचा एमबीबीएस साडेचार वर्षांचा म्हणजे बरोबर ५४ महिन्यांचा असतो, त्यामुळे तो काठावर पास होतो. बांगलादेशचा ६० महिन्यांचा असल्याने तिथे थोडी मोकळीक राहते. फिलिपिन्समध्ये आधी बीएस ही पूर्वपदवी आणि मग चार वर्षांची एमडी (तिथली एमबीबीएसच्या बरोबरीची पदवी) अशी रचना रूढ होती. चार वर्षे म्हणजे ४८ महिने, आणि बीएसचा काळ एमबीबीएसच्या काळात मोजला जात नाही. ‘एकूण साडेपाच वर्षे होतात ना’ असे म्हणून मध्यस्थ तुम्हाला बेरीज करून दाखवील. तुम्ही वैद्यकीय पदवीचा काळ वेगळा काढून मोजा.

स्थानिक परवान्याची अट तोंडी आश्वासनावर सोडू नका. ‘आमचा परदेशी पदवीधर या देशात नागरिकाप्रमाणे नोंदणीस पात्र आहे’ असे लेखी पत्र महाविद्यालयाकडून आणि शक्य असल्यास तेथील वैद्यक परिषदेकडून मागा. पत्र द्यायला टाळाटाळ झाली तर त्यातून जे समजायचे ते समजून घ्या.

३. देश निवडण्याआधी रुग्ण पाहा

सोलापुरात या विषयावरचे बहुतेक चर्चासत्र इमारतीच्या छायाचित्रांवर संपते. वसतिगृह कसे आहे, भारतीय जेवण मिळते का, थंडी किती पडते, हे प्रश्न पालक विचारतात, आणि ते विचारणे स्वाभाविकही आहे. परंतु डॉक्टर खाटेशेजारी तयार होतो. खाटेवर रुग्ण नसेल किंवा त्याचे बोलणे विद्यार्थ्याला कळत नसेल, तर इंग्रजी माध्यमाचे उत्तम पाठ्यपुस्तकही अर्धवटच शिकवते.

म्हणून महाविद्यालय प्रत्यक्ष पाहणे शक्य असेल तर बाह्यरुग्ण विभाग पाहा, आणि तोही कामाच्या दिवशी सकाळी. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुटी असते, हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या वडिलांनी शुक्रवारी रिकामे रुग्णालय पाहिले आणि मध्यस्थाच्या ‘आज सुटी आहे’ या उत्तरावर विश्वास ठेवला. उत्तर खरेच होते. पण रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या दिवशीसुद्धा काही वॉर्ड जवळपास रिकामेच असतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळले. जाणे शक्य नसेल तर तिथे शिकत असलेल्या वरच्या वर्षातील दोन-तीन मुलांशी, मध्यस्थाने गाठ घालून दिलेल्या नव्हे तर स्वतः शोधलेल्या मुलांशी, बोला आणि एवढेच विचारा: मागच्या आठवड्यात तू स्वतः किती रुग्णांचा इतिहास घेतलास, किती बाळंतपणे पाहिलीस, किती जणांची सलाईन लावलीस?

भाषेच्या बाबतीत सोलापूरचे मूल इतरांपेक्षा थोडे पुढे असते, असे माझे मत आहे. आपल्याकडच्या सिव्हिलमध्ये एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण असतात. एकाचे पोट दुखते, दुसऱ्याला ‘होट्टे नोवु’ असते आणि तिसऱ्याला ‘कडुपु नोप्पी’. हे कानावर पडत वाढलेल्या मुलाला नव्या भाषेची भीती कमी वाटते. शिवाय बंगालीत तापाला ‘जॉर’ म्हणतात, म्हणजे आपला ज्वर. दुखण्याला ‘ब्यथा’ म्हणतात, म्हणजे आपली व्यथा. आणि खोकल्याला ‘काशी’ म्हणतात, ज्यात आयुर्वेदातला कास ऐकू येतो. पहिल्याच महिन्यात ‘कोथाय ब्यथा?’ आणि ‘कोतो दिन?’ एवढे दोन प्रश्न आले की निम्मा इतिहास हाती लागतो. मात्र चट्टोग्राम किंवा सिलेटच्या बाजूला गेलात तर तेथील बोली पुस्तकी बंगालीपेक्षा इतकी वेगळी आहे की ढाक्याची मुलेही अडखळतात.

मध्य आशियात ही अडचण मोठी आहे. किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान येथे वर्ग इंग्रजीत भरतो, पण रुग्ण रशियन किंवा आपली स्थानिक भाषा बोलतो. पहिल्या दोन वर्षांत भाषेचा तास गुणांपुरता काढणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी वॉर्डात मुका होतो.

या संदर्भात आपल्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयातून शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून चीनला गेले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तेथील तरुण वैद्यकांना शिकवले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद सांभाळले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच देह ठेवला. भैया चौकातील त्यांचे स्मारक बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. तिथे पुन्हा गेलात तर त्यांच्या धैर्याबरोबर त्यांच्या भाषाभ्यासाकडेही लक्ष द्या.

४. मध्यस्थाच्या बोलण्यातील ठरावीक सापळे

‘हे महाविद्यालय आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे.’ आयोग परदेशी महाविद्यालयांची अशी मान्यताप्राप्त यादी ठेवत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागतिक सूचीत नाव असणे म्हणजे केवळ ती संस्था अस्तित्वात असल्याची नोंद आहे. त्यातून भारतात परवाना मिळण्याची हमी निघत नाही.

‘पहिले वर्ष इथे करू, आवडले नाही तर दुसऱ्या देशात बदली करून देऊ.’ वरच्या अटींत हे बसत नाही. बदलीचा कागद मिळेल, पण भारतातील परवाना अडेल.

‘आंतरवासिता तिथे करण्याची गरज नाही, थेट सोलापुरात करता येईल.’ तिथली १२ महिने आणि इथली १२ महिने, अशा दोन्ही लागतात. एकीत दुसरी जिरत नाही.

‘परतल्यावरच्या परदेशी पदवीधरांच्या परीक्षेचे प्रशिक्षण आमच्याच शुल्कात आहे.’ असेल, पण ते कोण देणार, कितव्या वर्षापासून आणि कोणत्या भाषेत, हे विचारा. आमच्या तुकडीला हे आश्वासन मिळाले होते आणि पाच वर्षांत एकूण चार व्याख्याने झाली.

शेवटचा सापळा बोलण्यात नसून कागदात असतो. मूळ गुणपत्रके ‘प्रक्रियेसाठी’ ठेवून घेण्याची पद्धत काही कार्यालयांत आहे. मूळ कागद हातचे सोडू नका; सोडावेच लागले तर तारीख, शिक्का आणि कागदांची यादी असलेली पोच घ्या. आणि महाराष्ट्रातील प्रवेशफेऱ्या संपण्याआधी परदेशातील जागेसाठी परत न मिळणारी रक्कम भरू नका, मग पलीकडचा माणूस ‘आजची शेवटची तारीख’ असे कितीही वेळा म्हणो.

५. कागदपत्रे

- दहावी आणि बारावीची गुणपत्रके व प्रमाणपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला
- नीटचे गुणपत्रक, प्रवेशपत्र आणि अर्जाची प्रत
- पारपत्र, ज्याची मुदत किमान काही वर्षे शिल्लक आहे
- जन्मदाखला
- महाविद्यालयाचे निवडपत्र व शुल्काचा तपशील, अधिकृत पत्रशीर्षावर
- बांगलादेशासाठी तेथील वैद्यकीय शिक्षण महासंचालनालयाचे समकक्षता प्रमाणपत्र
- वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि पोलीस पडताळणीचा दाखला, ज्या देशाच्या व्हिसाला तो लागतो तिथे
- पालकांच्या उत्पन्नाचे व बँकेचे पुरावे

पारपत्रासाठी आता पुण्याला हेलपाटे घालण्याची गरज उरलेली नाही. सोलापुरातील टपाल कार्यालयाच्या पारपत्र सेवा केंद्रात काम होते. पडताळणी शहरात राहणाऱ्यांची पोलीस आयुक्तालयामार्फत आणि तालुक्यांतील लोकांची ग्रामीण पोलिसांमार्फत होते, म्हणून अर्जात पत्ता लिहिताना हद्द नीट पाहावी.

नावाच्या बाबतीत मात्र विलक्षण सावध राहा. आपल्या मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येते, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. पारपत्रात नाव आणि आडनावाचे दोन वेगळे रकाने असतात. त्यात आपल्या शहरातील तेलुगू आणि कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे शाळेत एक, आधारवर दुसरी आणि जन्मदाखल्यावर तिसरी अशी सर्रास सापडतात. परदेशी विद्यापीठ पारपत्रावरचे नाव पदवीवर छापते आणि सहा वर्षांनी इथली परिषद ते दहावीच्या गुणपत्रकाशी जुळवून पाहते. एका अक्षराच्या फरकामुळे प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील सूचना आणि दोन-तीन महिने खर्ची पडतात. जाण्यापूर्वीच सर्व कागदांवरचे नाव एकसारखे करून घ्या.

कागदांचे साक्षांकन आधी राज्य शासनाच्या स्तरावर आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलने, म्हणजे करारातील इतर देशांत चालणाऱ्या साक्षांकनाने, होते. ज्या देशाने अपोस्टिलचा करार स्वीकारलेला नाही, उदाहरणार्थ नेपाळ, तिथे हा मार्ग चालत नाही आणि दूतावासाची पद्धत विचारावी लागते.

६. पैशांचा हिशेब

शुल्क डॉलरमध्ये ठरते आणि कर्ज रुपयांत मिळते, या एका वाक्यात अर्धे संकट आहे. २०२१ च्या अखेरीस डॉलर साधारण ७४-७५ रुपयांना होता. २०२३ च्या अखेरीस तो ८३ च्या पुढे गेला. समजा ४०,००० डॉलर भरायचे आहेत, तर केवळ एवढ्या फरकाने तीन लाखांहून अधिक रुपये वाढतात. म्हणून कर्ज मंजूर करून घेताना आजच्या दराने रक्कम काढून तीवर काही रक्कम जादा धरा.

पैसे नेहमी महाविद्यालयाच्या खात्यावर, बँकेमार्फत, विद्यार्थ्याच्या नावाच्या उल्लेखासह पाठवा. मध्यस्थाच्या खात्यावर भरलेली रक्कम महाविद्यालयाला पोहोचली नाही म्हणून परीक्षेला बसू न दिलेले दोन विद्यार्थी मी पाहिले आहेत. परदेशी पाठवणीवरील कराचे नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेवढे आपल्या सनदी लेखापालाला विचारून घ्या.

७. तिथली वर्षे

सामानाबद्दल फार लिहीत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी महिनोन् महिने टिकते आणि वसतिगृहात मैत्री जमवते, एवढे पुरे.

बांगलादेशातील अभ्यासाची घडण आपल्यापेक्षा वेगळी आहे. प्रत्येक छोट्या भागाची तोंडी परीक्षा होते, तिला ‘आयटेम’ म्हणतात. काही आयटेम मिळून ‘कार्ड’ होते, मग ‘टर्म’ आणि शेवटी विद्यापीठाची ‘प्रोफ’. लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक यांत उत्तीर्णतेसाठी ६० टक्के लागतात. आयटेम थकू दिलेत तर कार्डाला बसता येत नाही आणि मग साखळीच तुटते. ही पद्धत जाचक वाटते, परंतु रोज तोंडी उत्तर देण्याची सवय पुढे रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना कामी येते.

तेथील काही गोष्टी खरोखरच भारतापेक्षा चांगल्या शिकता येतात. जुलाबाच्या रुग्णाला मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवता येते, हे ज्या प्रयोगांतून सिद्ध झाले त्यांतील महत्त्वाचे प्रयोग १९६० च्या दशकाच्या अखेरीस ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत झाले, आणि १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत ते मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवले. म्हणजे एका देशातील प्रयोग आणि दुसऱ्या देशातील छावणी मिळून जगाला ओआरएस मिळाले. अतिसाराच्या वॉर्डात मी जे शिकलो ते आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या बाजूने आलेला रुग्ण तपासताना आजही उपयोगी पडते.

पहिल्या वर्षापासून करायची दुसरी गोष्ट म्हणजे पुरावे जपणे. हजेरी प्रत्यक्ष होती की दूरस्थ, हे परतल्यावर तपासले जाते; त्यासाठी पारपत्रावरील आगमन-निर्गमनाचे शिक्के पाहिले जातात. जुने पारपत्र, व्हिसाच्या प्रती, विमानाचे बोर्डिंग पास, क्लिनिकल नोंदवही आणि प्रत्येक वर्षाचा हजेरीचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा.

आणि देश अशांत होऊ शकतो, हे गृहीत धरा. २०२२ मध्ये युक्रेनमधून मुलांना युद्धातून परत आणावे लागले; मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले; जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील आंदोलनाच्या काळात हजारो भारतीय विद्यार्थी घरी परतले, त्यांत माझा मामेभाऊही होता. इंटरनेट बंद झाल्यामुळे त्याचा दोन दिवस पत्ता लागत नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर नोंदणी, दूतावासाचा दूरध्वनी कागदावर लिहिलेला, थोडी रोकड, आणि पारपत्र सदैव स्वतःजवळ. अशा काळात वर्ग ऑनलाइन झाले तर ते भरून काढल्याचे, म्हणजे नंतर प्रत्यक्ष प्रात्यक्षिके झाल्याचे, प्रमाणपत्र महाविद्यालयाकडून त्याच वर्षी घ्या. ते नसल्यामुळे अनेकांची भारतातील आंतरवासिता एकाऐवजी दोन वर्षांची झाली.

८. तो देश सोडण्याआधी

पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांची गुणपत्रके, आंतरवासिता पूर्ण केल्याचा विभागवार दाखला, इंग्रजी माध्यमाचे पत्र, अभ्यासक्रमाचा महिन्यांतील कालावधी दाखवणारे पत्र, तेथील वैद्यक परिषदेची नोंदणी आणि सद्वर्तनाचा दाखला: हे सर्व हातात पडल्याशिवाय विमानात बसू नका. पदवीवर भारतीय दूतावासाचे साक्षांकन किंवा अपोस्टिल करून घ्या, कारण परीक्षेच्या अर्जाला ते लागते. मी घाईत दोन कागद मागे सोडून आलो आणि सोलापुरातून ते मागवायला चार महिने गेले; त्या चार महिन्यांत एक परीक्षा निघून गेली.

९. परतल्यावर: परीक्षा, नोंदणी, आंतरवासिता

परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न असतात, १५० प्रश्नांचे दोन भाग, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण लागतात. ऐकायला सोपे वाटते, तरी बहुतेक सत्रांत चार-पाच परीक्षार्थींमागे एकच पास होतो. तिच्या जागी नेक्स्ट ही सामाईक परीक्षा आणण्याची तरतूद झालेली आहे, त्यामुळे तुमच्या वर्षी कोणती परीक्षा लागू आहे ते अर्जाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा.

मी पहिल्यांदा का नापास झालो, ते सांगतो, कारण ते कारण बहुतेकांना लागू आहे. मेडिसिन आणि सर्जरीत माझे गुण ठीक होते. मी घसरलो तो सामाजिक वैद्यकात. या विषयाचे ३० प्रश्न असतात आणि त्यांतील बरेचसे भारताच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांवर, लसीकरणाच्या वेळापत्रकावर आणि आशा-अंगणवाडीच्या रचनेवर असतात. मी पाठ केले होते ते बांगलादेशचे वेळापत्रक. न्यायवैद्यकातही असेच होऊ लागले आहे. बांगलादेशात १८६० ची दंडसंहिता चालते, जी आपल्याकडेही होती, म्हणून कलमांचे आकडे पूर्वी जुळत असत. १ जुलै २०२४ पासून भारतात भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले. तेव्हा हे दोन विषय तिसऱ्या वर्षापासूनच भारतीय पुस्तकातून समांतर वाचा. कोचिंग लावायचे असेल तर जरूर लावा, पण हा भाग स्वतः वाचण्यासारखा आहे.

निकालानंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करायचा. इथे कागदांची छाननी बारकाईने होते आणि सातव्या भागातील फाइल व आठव्या भागातील कागद इथेच कामाला येतात. नोंदणीनंतर आंतरवासितेसाठी जागावाटप होते. प्रत्येक महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या ७.५ टक्क्यांपर्यंत जागा परदेशी पदवीधरांसाठी ठेवलेल्या असतात, म्हणून सोलापूरलाच जागा मिळेल असे धरून बसू नका. पसंतीक्रमात आसपासच्या जिल्ह्यांची नावेही भरा. वर्ष पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन कायमची नोंदणी करायची.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या आंतरवासितेसाठी परदेशी पदवीधराकडून महाविद्यालयाने शुल्क घेऊ नये आणि त्याला भारतीय पदवीधराइतकेच विद्यावेतन द्यावे, असे आयोगाने कळवलेले आहे. कोणी शुल्क मागितलेच, तर ती मागणी लेखी द्यावी अशी नम्र विनंती करा. माझ्या माहितीतल्या दोघांच्या बाबतीत विषय तेवढ्यावरच थांबला.